बापूंचं बोलणं गेलं, भजन राहिलं

गोदाकाठची

इथे सहा-सात वर्षं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही त्यांना बापू म्हणतो, वय ६८. गाव उदगीर तालुक्यात. सोयाबीनची रास चालू होती. सकाळी चहा घेताना कप हातातून सुटला. आई म्हणाली, "काय झालं ओ?" तर तोंडातून नुसतं "बरं… बरं…" निघालं. तोंडाची उजवी बाजू ओघळलेली, उजवा हात लोंबकळतोय. जमलेल्या माणसांनी "अंगावरून वारं गेलंय" म्हणून तेल चोळायला घेतलं. मग जवळच्या एका दवाखान्यात सलाईन लावलं. तिथे दोन-अडीच तास गेले. लातूरला पोचेपर्यंत दिवस मावळला. सीटी झाला. डॉक्टर म्हणाले, डाव्या मेंदूत गुठळी अडकली आहे, रक्तस्राव नाही, पण गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ टळून गेलीय.

याला आता अडीच महिने झाले. काठी घेऊन, उजवा पाय फरफटत चालतात. हातात मात्र जीव नाही. आणि बोलणं म्हणजे एकच शब्द, "बरं". पाणी हवंय तरी बरं, नकोय तरी बरं.

मागच्या महिन्यात चुलते आले होते. विहिरीच्या वाट्याचा जुना विषय आहे. बापू समोर खाटेवर बसलेले असताना चुलते आईला म्हणाले, "आता ह्याला काय कळायलंय, तुम्हीच ठरवा." बापू म्हणाले, "बरं, बरं." चुलते म्हणाले, "बघा, बरं म्हनलालाय." मी बापूंकडेच बघत होते. तोंड बरं म्हणत होतं आणि डावा हात नाही-नाही असा हलत होता. नंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पाठ हलत होती.

एकादशीला भजनी मंडळ घरी आलं. बापूंनी चाळीस वर्षं त्यांच्यात टाळ धरलेत. दुसऱ्या कडव्यापासून ते डाव्या हाताने मांडीवर ताल धरून गायला लागले. नुसता आवाज नव्हे, शब्द! चारही चरण, जिथल्या तिथे. सगळे थांबून बघत राहिले. अभंग संपला, आईने रडतच विचारलं, "चहा टाकू का?" बापू म्हणाले, "बरं."

ज्या माणसाला "चहा" म्हणता येत नाही तो अख्खा अभंग कसा म्हणतो? त्यांना आमचं बोलणं कळतं का? आणि एक, सीटीच्या फिल्मवर काळा डाग उजवीकडे दिसतोय, डॉक्टर तर डावा मेंदू म्हणतात. आमची फिल्म बदलली तर नाही ना?

बालाघाट

वाचून गलबलून आलं. जाणकार लिहितीलच. पण ताई, तोवर विहिरीच्या कुठल्याही कागदावर बापूंचा अंगठा होऊ देऊ नका.

शब्दसोबती

ताई, मी वाचा-उपचार करते, छत्रपती संभाजीनगरला. बापूंना तपासलेलं नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही लिहिलंय ते चित्र आमच्या रोजच्या ओळखीचं आहे. याला वाचाघात म्हणतात. जीभ, ओठ, घसा, अक्कल, यातलं काहीच गेलेलं नसतं. मनातला अर्थ शब्दांत जुळवून तोंडावाटे काढायची जी व्यवस्था असते, ती मोडलेली असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या दहातल्या नऊहून जास्त जणांत ही व्यवस्था मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. बोलणं जुळवण्याचा भाग कपाळामागच्या ललाट खंडात, खालच्या अंगाला येतो. ऐकलेलं समजण्याचा मोठा भाग त्याच्या मागे, कानाच्या वरच्या बाजूला, शंख खंडात.

बापूंचं पुढचं मोडलेलं दिसतंय, मागचं बरंच शाबूत असावं. तोंडाने बरं आणि हाताने नाही, याचा अर्थ त्यांना प्रश्न कळला होता. उत्तरही ठरलं होतं. तोंडातून मात्र त्यांच्या हुकमाशिवाय तोच एक शब्द निसटला. कृपा करून घरात सगळ्यांना आजच सांगा, की बापूंचं "बरं" हे उत्तर धरायचं नाही.

आज एवढं करून बघा. एका पुठ्ठ्यावर हिरवी खूण, एकावर लाल फुली. ज्याचं उत्तर तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असे प्रश्न विचारा. "आत्ता रात्र आहे का?" "तुमच्या थोरल्या मुलीचं लग्न झालंय का?" होकाराचे आणि नकाराचे दोन्ही मिसळून. दहातले आठ-नऊ बरोबर आले तर समज चांगली आहे. मात्र लांब, गुंतलेली वाक्यं अशा रुग्णांना अवघड जातात. "गणपाला रामानं हाक मारली, तर हाक कोणी मारली?" इथे घोटाळा होऊ शकतो. म्हणून विहिरीसारखा विषय असला की एका वाक्यात एकच गोष्ट, आणि उत्तराला वेळ.

आता भजनाचं. वाक्य नव्याने जुळवणं हे एक काम, आणि हजारदा म्हटलेलं पुन्हा म्हणणं हे वेगळं काम. अंक, वार, आरती, शिव्या ही दुसऱ्या कामातली. शिवाय गाण्यात मेंदूच्या उजव्या अर्ध्याचा मोठा वाटा आहे, आणि बापूंचा तो अर्धा धडधाकट आहे. चालीपेक्षा ताल आणि पाठांतराचं श्रेय जास्त, असं मानणारे संशोधकही आहेत. काही असो, या वाटेचा उपचारात उपयोग होतो. १९७३ पासून एक पद्धत वापरात आहे, रोजच्या कामाचे छोटे शब्द चालीवर, डाव्या हाताने ठेका धरून म्हणवून घ्यायचे आणि हळूहळू चाल काढून टाकायची. एकादशीला बापू मांडीवर ठेका धरत होते, ते कुणी न शिकवता तेच करत होते.

काळीपांढरी फिल्म

लातूरला सीटी-एमआरआयवर टेक्निशियन आहे, अकरा वर्षं झाली. ताई, फिल्म बदललेली नाही, निर्धास्त राहा. रुग्ण उताणा झोपलेला आहे आणि आपण त्याच्या पायाशी उभं राहून डोक्याकडे बघतोय, अशा पद्धतीने सीटीची चित्रं मांडतात. म्हणून त्यांची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. फिल्मच्या कडेला 'आर' किंवा 'एल' छापलेलं असतं ते बघा. दर आठवड्याला कुणीतरी नातेवाईक घाबरून हेच विचारतो.

काळं का दिसतं तेही सांगतो. सीटीत घनता मोजतात. पाणी शून्य, हवा उणे हजार, हाड अधिक हजारच्या आसपास. ताजं रक्त मेंदूपेक्षा घन, म्हणून पांढरं उठतं. रक्तपुरवठा तुटलेला भाग पाणी धरतो, म्हणून काळपट होतो. पण तो काळा व्हायला तास लागतात. गुठळीचा लकवा असेल तर पहिल्या काही तासांत सीटी कित्येकदा साफ दिसतो. मग नातेवाईक म्हणतात, "रिपोर्ट नॉर्मल आहे, घरी जाऊ." असं करू नका. पहिल्या सीटीचं मुख्य काम एकच, रक्त सांडलंय का ते बघणं. कारण रक्तस्रावात गुठळीचं इंजेक्शन दिलं तर माणूस हातचा जाईल. नसेल, आणि साडेचार तासांच्या आत आला असेल, तर ते देता येतं. मोठी रक्तवाहिनी बंद असली तर मिनिटाला अंदाजे १९ लाख चेतापेशी मरतात असा हिशोब २००६ साली मांडला गेलाय. तेल चोळण्यात अर्धा तास गेला, तर किती गेल्या ते तुम्हीच धरा. ताई, तुमच्या घरच्यांना दोष देत नाही, आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची हीच कहाणी असते. तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं फिरतंय, यातलं एक जरी दिसलं तरी तडक १०८ ला फोन करून जिथे सीटी आहे तिथे न्यायचं. मधल्या दवाखान्यात थांबायचं नाही.

पायापेक्षा हात का जास्त गेला याचंही उत्तर फिल्ममध्येच आहे. हालचालीचा पट्टा मेंदूवर हेअरबँडसारखा एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत जातो. त्यात चेहरा आणि हाताची जागा बाहेरच्या अंगाला, पायाची जागा वर, दोन अर्ध्यांमधल्या फटीत. बाहेरच्या अंगाला एक धमनी रक्त पुरवते, फटीतल्या भागाला दुसरी. बापूंची पहिली बुजली असणार. तिच्याच वाटेवर बोलण्याचा भागही येतो. म्हणून तोंड, हात आणि वाचा एकदम गेली, पाय थोडक्यात वाचला.

लातूरचा विद्यार्थी

सर, हे आम्हाला क्लासमध्ये असं कुणीच सांगितलं नाही. आम्ही प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ, त्यांची कार्ये, अशी नुसती यादी पाठ केलीय. डावा मेंदू उजवी बाजू चालवतो हे माहीत आहे, पण हे सगळं पहिल्यांदा कळलं कसं? जिवंत माणसाचा मेंदू तर उघडून बघता येत नाही.

फळा खडू

बाळा, फार मोलाचा प्रश्न विचारलास. यादी पाठ करणाऱ्याला तो पडत नाही, तुला पडला.

मी जालना जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवडी बाजारातून बोकडाची मुंडी आणली. खाटकाला आधीच सांगून ठेवलं होतं, मधोमध फोडू नको, वरची कवटी अलगद उचलून दे. शाळेत हातमोजे घालून, परातीत ठेवून मुलांना दाखवली. कवटीखाली एक जाड, चामड्यासारखं आवरण. ते कापलं की खाली कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ आवरण, त्यात लाल रेषांचं जाळं. त्याखाली वळ्या. बोटाने दाबलं तर घट्ट सायीच्या दह्याइतका मऊ. पुढे टोकाला दोन बोंडं, ती वासाची. बोकडात ठळक दिसतात, माणसात अगदी बारीक असतात. मागे लहान मेंदू. तो कापायला गेलो तर चेंगरलाच. ताजा मेंदू कापला जात नाही, फॉर्मलिनमध्ये आठवडे मुरवावा लागतो, हे त्या दिवशी शिकलो. पुढच्या वर्षी मुरवून घेतला. मग लहान मेंदूचा उभा काप घेतल्यावर आत पांढऱ्या फांद्यांचं झाड दिसलं. मुलं ओरडलीच.

सातवीतली एक मुलगी मात्र गप्प बघत होती. तिने विचारलं, "सर, यातलं बें-बें कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. मेंदू नुसता बघून कळतच नाही काय कुठे आहे. हृदय बघितलं की पंप आहे हे दिसतं. मेंदू गप्प असतो. तो कळला तो बापूंसारख्या माणसांमुळे.

पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस एकवीस वर्षं राहत होता. त्याला सगळं कळायचं, पण तोंडातून एकच आवाज, "तां". लोक त्याला तांच म्हणत. एप्रिल १८६१ मध्ये तो मरायला टेकला असताना पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याला तपासलं, आणि काही दिवसांत तो गेल्यावर मेंदू बाहेर काढला. डाव्या ललाट खंडात खालच्या बाजूला खड्डा पडलेला होता. त्या जागेला आजही ब्रोकाचं नाव आहे. ताई, तुम्ही "फक्त बरं म्हणतात" लिहिलंत, तेव्हा मला पहिल्यांदा लबोर्न्यच आठवला. पुढे १८७४ मध्ये कार्ल व्हेर्निकेने मागच्या भागाचं काम मांडलं.

ब्रोकाने आणखी एक गोष्ट केली, ती मला जास्त थोर वाटते. त्याने तो मेंदू चिरला नाही, तसाच जपला. त्यामुळे २००७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षांनी, संशोधकांना तो एमआरआय यंत्रात ठेवता आला. तेव्हा दिसलं की इजा ब्रोकाला वरून दिसली त्यापेक्षा बरीच खोल होती. पुढचा आणि मागचा भाग जोडणारे पांढरे धागेही तुटले होते. म्हणजे बोलणं एका ठिपक्यात राहत नाही. पुढचं ठाणं, मागचं ठाणं आणि मधला रस्ता, तिन्ही लागतात.

आणि बें-बें? बऱ्याच वर्षांनी वाचलं. जनावरांचं ओरडणं, माणसाचं कण्हणं, हुंदका हे मध्यमेंदूपासून खाली निघतं, वळ्यांच्या भाषेच्या भागातून नाही. म्हणून वाचा गेलेला माणूस रडू शकतो, हसू शकतो. ती मुलगी आता नर्सिंग करतेय, तिला फोन करून सांगितलं.

परभणीची आई

माझ्या मुलाला सहा वर्षांचा असताना फिट आली. घरात कुणी कांदा फोडून आणला, कुणी चप्पल नाकाला लावली. मीही तेव्हा तेच बरोबर समजत होते. नंतर डॉक्टरांनी समजावलं. कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखाना.

आमचा ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, झाला. आदल्या दिवशी केस धुवायचे, तेल अजिबात नको. रात्री उशिरा झोपवायचं, पहाटे उठवायचं, म्हणजे तिथे झोप लागते. डोक्यावर टेपने मोजून मोजून वीसेक ठिकाणी चिकट मलम लावून तारा जोडल्या. मुलगा म्हणाला, "आई, करंट बसंल." मॅडम म्हणाल्या, "आम्ही करंट देत नाही रे, तुझ्याच डोक्यातला मोजतोय." मग तो शांत झाला. डोळे मिटले की रेघा एका लयीत यायला लागल्या, उघडले की विस्कटल्या. मी पडद्याकडे बघतच राहिले. आपल्या लेकराचं डोकं आतून चालताना बघितलं असं वाटलं.

ईईजीत फार काही आलं नाही. एमआरआयमध्ये एक बारीक गोल कडी आणि तिच्या आत ठिपका आला. तो जंताचा कोष होता. आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही, तरी डुकराच्या जंताचा कोष! सासूबाईंना ते सहनच होईना. डॉक्टर म्हणाले, मांस खाऊन नव्हे, जंताची अंडी लागलेल्या हातातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, पाण्यातून हे येतं. आपल्या देशात फिट येण्याचं हे एक मोठं कारण आहे. औषधं चालली, कोष विरला, फिट थांबल्या. मुलगा आता नववीत आहे.

काळीपांढरी फिल्म

परभणीच्या ताई, महत्त्वाचं लिहिलंत. ईईजी साफ आला म्हणजे मिरगी नाहीच असं होत नाही. फिट ज्या घडीला येते त्या घडीला तारा लावलेल्या असतीलच असं नाही. मेंदूच्या विजेचा हा आलेख जर्मनीत हान्स बेर्गर यांनी १९२४ मध्ये माणसावर पहिल्यांदा घेतला, आणि पाच वर्षं खात्री करून १९२९ मध्ये जाहीर केला. मिलिव्होल्टच्याही शंभराव्या भागाची गोष्ट आहे ही. कवटीवरून एवढं टिपणं सोपं नव्हतं.

विद्यार्थी मित्रा, ही गोष्ट लक्षात ठेव, परीक्षेच्या पलीकडे कामाला येईल. ईईजीला "केव्हा" छान कळतं, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. "कुठे" नीट कळत नाही. सीटी आणि एमआरआयला "कुठे" कळतं. साध्या एक्स-रेत तर मेंदू दिसतच नव्हता, नुसती कवटी. पहिल्या रुग्णाचा सीटी लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ ला झाला. तो शोधणारे गॉडफ्रे हौन्सफील्ड डॉक्टर नव्हते, इंजिनिअर होते. त्यांना १९७९ चं नोबेल मिळालं.

एमआरआयबद्दल एक विनंती सगळ्यांना. त्यात एक्स-रे नसतात, चुंबक असतं. आमच्याकडचं १.५ टेस्लाचं आहे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. ते रात्रंदिवस चालूच असतं, तपासणी नसतानाही. जोडवी, पैंजण, मंगळसूत्र काढायला सांगितलं की बायाबापड्या रडतात. "नवरा जित्ता हाय माजा, कशी काढू?" मी सांगतो, मावशी, दोऱ्यात ओवून तुमच्याच माणसाच्या हातात देतो, तो दारात उभा राहील. जुन्या जोडव्या निघत नसतील तर साबणाचं पाणी लावतो, घाई करत नाही. पण कुणी स्टीलचा सिलिंडर किंवा स्ट्रेचर आत ढकलायला बघत असेल तर दारातच अडवतो. तिथे नम्रपणा चालत नाही.

बालाघाट

या निमित्ताने विचारतो. आमच्या भागात "मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन"चा क्लास आलाय. पोरांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून वाचून दाखवतात. मेहुण्याने पंधरा हजार भरायचं ठरवलंय. म्हणतात की माणूस मेंदूचा दहा टक्केच वापरतो. खरं किती?

फळा खडू

भरू देऊ नका. मध्यमेंदू हा मेंदूच्या देठातला जेमतेम दोन सेंटीमीटरचा तुकडा. बुबुळांची हालचाल, बाहुली लहान-मोठी करणं, अचानक आवाज आला की मान वळणं ही त्याची कामं. पार्किन्सनच्या कंपवातात ज्या काळ्या पेशी मरतात त्याही तिथेच. तो जन्मापासून चालूच असतो. बंद असता तर मूल शुद्धीवरच राहिलं नसतं. पट्टी बांधून वाचणारी पोरं नाकाच्या कडेच्या फटीतून बघतात. पट्टीच्या खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना कापूस दाबून भरा आणि मग वाचायला द्या, मेहुण्यांच्या समोर. पोराला रागावू नका, त्याला मोठ्यांनीच ते शिकवलंय.

दहा टक्क्यांचंही खोटं. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, आणि बसल्या जागी खातो वीस टक्के ऊर्जा. नव्वद टक्के रिकामं घर कोण पोसेल? बापूंची एक धमनी बुजली आणि काय काय गेलं ते वर वाचलंतच.

नवखा वाचक

पण स्कॅनमध्ये विचार करताना मेंदूचे ठराविक भाग पेटलेले दाखवतात ना? लाल-पिवळे? बाकीचे भाग तेव्हा रिकामेच असणार.

शब्दसोबती

ते रंग संगणकाने दिलेले असतात. त्याला फंक्शनल एमआरआय म्हणतात. रक्तात प्राणवायू भरलेला असला की चुंबकात रक्ताचं वागणं बदलतं, आणि ते एमआरआयच्या चित्रात टिपता येतं, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवलं. मेंदूचा जो भाग काम करतो तिकडे रक्त धावतं, आणि ते पोचल्याची खूण पाच-सहा सेकंदांनी दिसते. म्हणजे आपण पेशीचं काम बघत नाही, कामामागून आलेलं रक्त बघतो. आणि दोन कामांमधला फरकच रंगात दाखवतात. बाकीचे भाग बंद नसतात, ते दोन्ही कामांत सारखेच चालू असतात. हिशोब नीट केला नाही तर काय होतं हे दाखवायला २००९ मध्ये संशोधकांनी चक्क मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. कच्च्या हिशोबात त्याच्या मेंदूतही एक ठिपका पेटला! त्यानंतर या क्षेत्रात आकडेमोड जास्त काटेकोर झाली.

लातूरचा विद्यार्थी

एक प्रश्न राहिला. आठवण कुठे असते?

फळा खडू

याचंही उत्तर एका रुग्णानेच दिलं. हेन्री मोलेसन, हयातभर शास्त्राला एच. एम. या दोन अक्षरांनीच माहीत होता. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये, २७ व्या वर्षी, त्याच्या शंख खंडातला दोन्हीकडचा आतला भाग काढला. त्यात समुद्रघोड्याच्या आकाराची हिप्पोकॅम्पस नावाची वळी होती. फिट पुष्कळ कमी झाल्या, पण त्या दिवसानंतर नवी आठवण तयार होणं थांबलं. भेटलेला डॉक्टर खोलीबाहेर जाऊन आला की पुन्हा नव्याने ओळख. जुनं बालपण मात्र आठवत होतं.

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला, पण दर दिवशी तो म्हणे, हे मी आधी कधी केलेलं नाही. हाताला आठवत होतं, त्याला नाही. म्हणजे आठवण एक नाही, तिच्या जाती आहेत, आणि प्रत्येकीचं घर वेगळं. तो २००८ मध्ये गेला. मग त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जपून ठेवले आहेत.

बापूंचं भजन वाचताना मला हेच आठवत होतं. चाळीस वर्षांच्या टाळाची आठवण कुठल्यातरी दुसऱ्या घरात होती, पुराचं पाणी तिथवर गेलं नाही.

जमलं तर बेंगळुरूला निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेतलं मेंदूचं संग्रहालय बघून ये. तिथे माणसाचा खरा मेंदू हातात घेता येतो. साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम, आणि त्यात ८,६०० कोटी चेतापेशी. त्यातल्या पाचात चार त्या मागच्या लहान मेंदूत, जो माझ्या हातून परातीत चेंगरला होता.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. तीन आठवड्यांनी लिहितेय.

पुठ्ठे केले. आईने विचारायला सुरुवात केली. बारा प्रश्नांतले अकरा बरोबर. एक चुकला तो आईचाच प्रश्न गुंतलेला होता. शब्दसोबती ताई म्हणाल्या तसं विहिरीचं एकेका वाक्यात विचारलं. "विहिरीत चुलत्यांचा वाटा आहे?" हिरवा. "निम्मा?" लाल. "पाव?" हिरवा, आणि पुठ्ठा खाटेवर दोनदा आपटला. चुलत्यांना बोलावून त्यांच्यासमोर पुन्हा विचारलं. चुलते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बापूंच्या उजव्या, पडलेल्या हातावर हात ठेवून बसले. जाताना म्हणाले, "मला वाटलं गेला आमचा भाऊ."

लातूरला आठवड्यातून दोनदा वाचा-उपचाराला नेतोय. घरी आई भजनाच्या चालीवर "पाणी द्या", "चहा द्या" म्हणवून घेते. चालीवर येतं, चाल काढली की अडतं.

शब्दसोबती

अडू द्या. चिडतील, तेही चालेल. फक्त त्यांच्या तोंडातला शब्द तुम्ही पुरा करू नका, मनात दहा मोजा. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, नंतर सावकाश, पण थांबत नाही. आणि सगळं आयतं हाताशी ठेवू नका. एखादी गोष्ट मागायची गरज पडू द्या.

गोदाकाठची

ताई, काल रात्री आईने तेच केलं. मुद्दाम वरणात मीठ घातलं नाही. बापूंनी घास घेतला, आईकडे बघितलं. आई खाली मान घालून जेवत राहिली. मी मनात मोजत होते. दहा झाले, वीस झाले. बापूंनी डाव्या हाताने मांडीवर ठेका धरला, थांबवला, पुन्हा धरला. मग ठेका सोडून नुसतंच म्हणाले, "मी… मीठ."